मूल सीमा ओलांडते तेव्हा

(बुलढाणा जिल्ह्यातील मुख्याध्यापक, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी आणि बालविकास क्षेत्रातील कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मे महिन्याच्या अखेरीस शाळांना सुट्या असतात आणि शेतात पेरणीपूर्व मशागत चाललेली असते. नेमक्या ह्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील गावांतून, तसेच दक्षिणेकडील कोरडवाहू टापूतून, मुलांच्या शोधात माणसे फिरू लागतात. हा शोध पुष्कळदा सद्हेतूनेच चाललेला असतो. कोठे एखाद्या निवासी शाळेचे शिक्षक पटसंख्या पुरी करण्यासाठी पाड्यापाड्यावर जातात. कोठे एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता विधवा मातेच्या ओसरीवर बसून सांगतो, की मुलाला आमच्याकडे द्या. जेवण, कपडे, पुस्तके, सारे मोफत मिळेल. माता चार दिवस विचार करते. जून लागतो आणि मूल पत्र्याची पेटी घेऊन एस. टी.त बसते. शाळेच्या जनरल रजिस्टरात, शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात, ‘परगावी गेला’ एवढी नोंद पडते. त्यानंतर त्या मुलाचे काय झाले, हे अधिकृतपणे विचारणारे गावात कोणीच उरत नाही.

घरापासून दूर राहून शिकणे ही काही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा निर्माण केली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले, वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव भागांतील कुटुंबे उद्ध्वस्त झाली, तेव्हा सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यास नेले. आज अनेक कार्यालयांतून आणि शाळांतून काम करणारी माणसे वसतिगृहाच्या अन्नावर वाढलेली आहेत. तेव्हा मूल बाहेर पाठविणे म्हणजे मुलाचे अहित करणे, असे समजण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे, की मूल जिल्ह्याची अगर राज्याची हद्द ओलांडून गेले म्हणजे त्याच्याविषयीची जबाबदारी कोणाची, आणि ती वाटेत कोठे गळून तर पडत नाही ना.

बुलढाणा जिल्ह्यापुरता विचार केला, तरी ह्या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. उत्तरेस सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. पश्चिमेस जळगाव व छत्रपती संभाजीनगर, दक्षिणेस जालना, पूर्वेस अकोला आणि वाशीम हे जिल्हे आहेत. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर-हावडा ह्या हमरस्त्यावरच वसलेली आहेत. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याची गणना होते. त्यामुळे वडील गमावलेल्या मुलांना पुणे, नाशिक ह्या बाजूच्या वसतिगृहांतून नेण्याचा ओघ ह्या भागास परिचित आहे. आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत घालण्याची योजना शासनाचीच आहे आणि तीतही मुले दूरदूरच्या जिल्ह्यांत जातात. उलट दिशेने शेजारच्या जिल्ह्यांतील मुले बुलढाण्यातील आश्रमशाळांत येऊन राहतात. म्हणजे हा जिल्हा मुले पाठविणाराही आहे आणि ठेवून घेणाराही आहे.

ठेवून घेणाऱ्याची जबाबदारी किती गंभीर असते, हे ह्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातील एका खाजगी अनुदानित आश्रमशाळेतील लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. शाळेच्या आवारात राहणाऱ्या प्रौढांना ते दिसले नाही, अगर दिसूनही त्यांनी पाहिले नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील मुली दिवाळीच्या सुटीत घरी गेल्या आणि तेथे, आपल्या माणसांत, त्या बोलत्या झाल्या. पुढे गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमण्यात आले आणि शाळेची मान्यता रद्द झाली. परंतु ह्या साऱ्या प्रकरणातील एक गोष्ट प्रत्येक कर्मचाऱ्याने मनात ठेवावी अशी आहे. संस्थेची तपासणी होत होती ती एका जिल्ह्यात. मुलीच्या चेहऱ्यातील बदल ओळखणारी माणसे होती ती दुसऱ्या जिल्ह्यात. ह्या दोहोंमध्ये दुवा होता तो केवळ दिवाळीच्या सुटीचा. तपासणीचे काम कागदाने करावयाचे ठरविले, की जे व्हावयाचे ते झाले. ज्या गावाने मूल पाठविले, त्या गावातील एखादी अंगणवाडी सेविका अगर शिक्षिका ऑगस्टमध्ये तेथे जाऊन मुलींजवळ घटकाभर बसली असती, तर दिवाळीची वाट पाहावी लागली नसती, असे म्हणावयास जागा आहे.

आता दुसरी बाजू. निष्काळजीपणा जसा मुलास घातक, तशी आंधळी शंकाही. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे गाडीतून बिहारमधील ५९ मुले सांगलीकडील मदरशांत शिक्षणासाठी चालली होती. ती मुले अवैधरीत्या नेली जात असल्याच्या संशयावरून भुसावळ स्थानकावर २९ आणि मनमाड येथे ३० मुलांना उतरवून घेण्यात आले. सोबतच्या पाच जणांवर मुलांच्या अपव्यापाराचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांना तुरुंगवास घडला. मुलांना बारा दिवस बालगृहांत ठेवून मग त्यांच्या राज्यात परत पाठविण्यात आले. तपासाअंती हा गैरसमजाचा प्रकार असल्याचे दिसून आले आणि मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी प्रकरण बंद केले. भुसावळ हे बुलढाण्याच्या शेजारचे जंक्शन. असाच प्रसंग उद्या मलकापूरच्या अगर शेगावच्या फलाटावर उभा राहू शकतो. त्या दिवशी पोलिसांनी चौकशी करू नये, असे कोणीही म्हणणार नाही. पालकांपासून दूर, परराज्यात चाललेली मुले दिसली तर चौकशी ही झालीच पाहिजे. पण मुलांच्या गावच्या पंचायतीकडे त्यांच्या जाण्याची नोंद असती, नेणाऱ्यांच्या हाती पालकांची लेखी संमती आणि ज्या संस्थेत मुले जाणार तिचा स्वीकृतीचा कागद असता, आणि त्याची शहानिशा दूरध्वनीवरून तासाभरात होऊ शकली असती, तर लहान मुलांचे बारा दिवस अनोळखी भिंतींआड गेले नसते आणि निरपराध माणसांना कैद घडली नसती. कागद हा मुलास अडविण्यासाठी नसून त्याच्या रक्षणासाठी आहे, तो असा.

कायदा ह्या बाबतीत मुका आहे काय? मुळीच नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१८ चे नियम ह्यांत पुष्कळ तरतुदी आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणारी संस्था शासकीय असो वा खाजगी, अनुदान घेणारी असो वा न घेणारी, तिची नोंदणी झालीच पाहिजे, असे कलम ४१ सांगते. नोंदणी न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांहून कमी नाही इतका दंड, अगर दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये अशा सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पुरी करण्याचे आदेश दिले होते. मूल बाल कल्याण समितीपुढे आले आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातील असल्याचे आढळले, तर मुलाचे हित पाहून आणि त्याच्या जिल्ह्यातील समितीशी विचारविनिमय करून त्यास तिकडे पोहोचते करावयाचे असते. पोहोचविण्याचा आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पोलिसांच्या विशेष बाल पथकाने ते काम करावे, मुलगी असल्यास सोबत महिला पोलीस असावी आणि सोबत जाणाऱ्यांचा प्रवासभत्ता आगाऊ मिळावा, इतक्या तपशिलापर्यंत कायदा जातो. आगाऊ भत्त्याचा उल्लेख करणाऱ्याने कचेरीचा व्यवहार जवळून पाहिलेला असावा! एका राज्याच्या बालगृहातून दुसऱ्या राज्याच्या बालगृहात मूल हलवावयाचे असल्यास त्या राज्याच्या शासनाचा सल्ला घेतल्यावाचून तसे करता येत नाही.

अडचण आहे ती पाटीची. दारावर ‘बालगृह’ अशी पाटी असेल तर बाल न्याय अधिनियम लागू आहे, हे सर्वांना पटते. ‘आश्रमशाळा’ म्हटले की आदिवासी विकास विभागाची संहिता आली. ‘वसतिगृह’, ‘छात्रालय’, ‘गुरुकुल’, ‘मदरसा’, ‘संस्कार केंद्र’ असे काही लिहिलेले असेल तर हे आपल्या कक्षेत येते की नाही, ह्याविषयी अधिकाऱ्यांतच मतभेद होतात. मुलाच्या दृष्टीने मात्र ह्या सर्व जागा सारख्याच. रात्री तेथेच झोपावयाचे असते, आजारी पडल्यास तेथेच कण्हत पडावयाचे असते, आणि कोणी त्रास दिला तर सांगावयाचे कोणास, हा प्रश्नही सगळीकडे तोच असतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि तो कोणत्याही पाटीची पर्वा करीत नाही. अपराधाची माहिती असूनही ती न देणारा संस्थाप्रमुख त्या कायद्याखाली शिक्षेस पात्र ठरतो. १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असावा. पण ज्या निवासी शाळेत दूरध्वनी अधीक्षकाच्या कुलूपबंद खोलीत असतो, तेथे तो पाठ असून उपयोग काय, हेही तपासणीस गेलेल्याने पाहावे.

एक विसंगती येथे नमूद केली पाहिजे. भारतातील मूल दत्तक म्हणून परदेशी पाठविण्यात गैरप्रकार होत असल्याचे पत्र लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास लिहिले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायालयाने त्या प्रकरणी जो निर्णय दिला, त्याने परदेशी दत्तकाची सारी पद्धतच घालून दिली. परदेशी कुटुंबाचा गृहअभ्यास व्हावयाचा, मुलाचा स्वतंत्र अहवाल तयार व्हावयाचा, मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच अर्ज यावयाचा आणि मूल गेल्यावर त्याच्या प्रगतीचे वृत्त येत राहावयाचे. पुढे ह्याच विषयावरील १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. आजच्या, म्हणजे २०२२ च्या, दत्तक विनियमांनुसार परदेशी गेलेल्या मुलाचा अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी यावा लागतो. दत्तकाव्यतिरिक्त इतर प्रकारे मूल एका देशातून दुसऱ्या देशातील संस्थेत अगर कुटुंबात ठेवावयाचे झाल्यास काय करावे, हे १९९६ च्या दुसऱ्या एका हेग कराराने सांगितले आहे. त्याचे सूत्र साधे आहे: मुलाविषयीचा अहवाल आणि पाठविण्याची कारणे आधी तिकडे कळवावीत, आणि तिकडच्या प्राधिकरणाने संमती दिल्यावरच मूल हलवावे. युरोपीय संघातील देशांनी १ ऑगस्ट २०२२ पासून असाच नियम आपसांत अधिक कडक केला. आता ह्याच्याशी ताडून पाहा. मूल हॉलंडला अगर स्वीडनला जावयाचे असेल तर त्याच्यासोबत अहवालांची फाईल जाते. जळगाव जामोदहून पुण्यास जावयाचे असेल तर पत्र्याची पेटी जाते.

मुलाबरोबर जावयास हवे असे आणखी एक आहे, आणि ते फाईलमध्ये मावत नाही. जळगाव जामोद तालुक्यातील जामोद, सोनबर्डी, कुंवरदेव, वसाली अशा मोजक्या गावांत निहाली ही भाषा बोलली जाते. जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते भाषाशास्त्रज्ञांना अद्याप सिद्ध करता आलेले नाही. ती बोलणारी माणसे दोन-अडीच हजारांच्या घरात असतील. तिच्या शेजारी कोरकू आहे, भिलाली आहे. अशा घरातील सहा वर्षांचे मूल तीनशे किलोमीटरवरील इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत गेले, तर पहिले काही महिने त्याचे दुखणे-खुपणे कोणासच समजत नाही; आणि चारसहा वर्षांनी त्याचे बोलणे त्याच्या आजीस समजेनासे होते. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रसंघीय संहितेवर भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यतेची मोहोर उमटविली. कुटुंबाबाहेर ठेवलेल्या मुलाच्या बाबतीत त्याच्या वाढीतील सातत्याचा तसेच त्याच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीचा योग्य विचार व्हावा, असे तिच्या विसाव्या अनुच्छेदात म्हटले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिन येथे एका भारतीय दांपत्याची सात महिन्यांची मुलगी तेथील बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. तेव्हा त्या मुलीस तिच्या भाषेच्या व संस्कृतीच्या वातावरणात वाढू द्यावे, असे भारत सरकारने जर्मनीस आग्रहपूर्वक सांगितले. ती मागणी रास्तच होती. बर्लिनला जे सांगितले, ते सोनबर्डीच्या मुलासही लागू करावयास कोणाची हरकत असावी?

अर्थात मूल पाठवावे कसे, ह्याच्याही आधीचा प्रश्न ते पाठवावेच काय, हा आहे. दारिद्र्य हे मुलास कुटुंबापासून दूर करण्याचे कारण होऊ नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ च्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक सूत्रांत स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात हे तत्त्व अमलात आणण्याची साधने हाताशी आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेखाली एक अगर दोन्ही पालक गमावलेल्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. मिशन वात्सल्यखालील प्रायोजकत्वाचे साहाय्य दरमहा ४,००० रुपये आहे. आत्महत्याग्रस्त कुटुंबातील मातेस ह्या योजनेचे नाव माहीत असते काय? बहुधा नसते, वसतिगृहाच्या कार्यकर्त्याचे नाव मात्र माहीत असते, कारण तो तिच्या घरी येऊन गेलेला असतो. ऊसतोड आणि वीटभट्टीसाठी स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी राज्याने हंगामी वसतिगृहांची जी पद्धत बसविली, तिच्यामागेही हाच विचार होता, की आईबाप हलले तरी मूल आपल्या गावात, आपल्या शाळेत, ओळखीच्या माणसांत राहावे. ह्या वसतिगृहांविषयी तक्रारी पुष्कळ होतात, काही खऱ्याही असतात. पण ज्या गावाला स्वयंपाक करणारी बाई ठाऊक आहे आणि रात्री कोण मुक्कामास आहे हे ठाऊक आहे, तेथे मूल हरवत नाही.

मग ग्रामपंचायतीने आणि शाळेने प्रत्यक्षात काय करावयाचे? सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते, पोलीस पाटील तिच्यात असतात, अंगणवाडी सेविका तिचे काम पाहतात. अनेक गावांत ती कागदावरच आहे, हे सर्वांना माहीत असलेले गुपित होय. तिला काम द्यावयाचे तर शिक्षणासाठी अगर संगोपनासाठी गावाबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मुलाची एक साधी नोंदवही तिच्या हाती द्यावी. मुलाचे नाव, वय, घरची भाषा, संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी अगर मान्यतेचा क्रमांक, नेणारा कोण, संमती कोणाची, घरी येण्याच्या तारखा. शंभर पानी वही पुष्कळ वर्षे पुरेल. एखाद्या संस्थेचा माणूस गावात आला, तर प्रथम त्याने समितीस भेटावे, असा ठराव ग्रामसभेस करता येतो. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो माणूस चहा न पिताच निघतो, त्याच्याविषयी जिल्हा बाल संरक्षण कक्षास कळविणे एवढे तरी तत्काळ व्हावे.

मुख्याध्यापकांचे स्थान ह्यात फार महत्त्वाचे आहे. शाळा सोडल्याचा दाखला ते नाकारू शकत नाहीत. शिक्षण हक्क अधिनियम २००९ नुसार तो त्वरित द्यावाच लागतो. आणि दाखल्यावाचूनही नव्या शाळेस प्रवेश द्यावा लागत असल्याने, मूल दाखला न घेताच गेलेले असू शकते. म्हणजे दाखल्याचा धाक चालणार नाही. पण दाखला मागावयास आलेल्या पालकास बसवून घेऊन, मूल कोठे चालले, तेथे कोण ओळखीचे आहे, हे विचारण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे? दुसऱ्या शाळेने मुलाचे नाव पटावर घेतले की नाही, हे आता संगणकावर पाहता येते. जुलै संपला तरी नाव कोठेच दिसत नसेल, तर ‘गळती’ ह्या सदरात ते ढकलण्याऐवजी पोलीस पाटलांना एक चिठ्ठी लिहावी. मूल पालकापासून तुटलेले, निराधार वा हरवलेले आढळल्यास प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत कळविणे हे कोणत्याही व्यक्तीचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि न कळविणे हा अपराध आहे.

ज्या गावांत बाहेरची मुले येऊन राहतात, तेथील पंचायतीवर उलट बाजूचे काम येते. संस्थेचे आवार खाजगी असले तरी मुले गावाची पाहुणी आहेत. कायद्यानुसार जिल्हा तपासणी समितीने बालगृहास तीन महिन्यांतून निदान एकदा भेट द्यावयाची असते. तिच्यात किमान एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावे लागतात. आश्रमशाळांकडे अकोल्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची देखरेख असते. पण अकोल्याहून अगर बुलढाण्याहून येणारा अधिकारी गाडीतून उतरतो, तेव्हा त्याच्यासाठी आवार झाडून ठेवलेले असते. गावातील आशा सेविका अवेळी जाऊ शकते. तिने मुलींच्या न्हाणीघराला आतून कडी आहे की नाही एवढे जरी पाहिले, तरी पुष्कळ अहवालांहून अधिक कळते.

दिवाळीची सुटी लागेल तेव्हा बाहेरगावी शिकणारी मुले एस. टी.ने आणि रेल्वेने गावोगाव परत येतील. त्या आठवड्यात अंगणवाडी सेविकेने नोंदवही घेऊन घरोघर जावे. कोण आले, कोण आले नाही, आलेल्यांपैकी कोण परत जाण्याचे नाव काढल्यावर गप्प होते, हे लिहून घ्यावे. आणि सुटी संपून मुले पुन्हा गाडीत बसण्यापूर्वी ती यादी सरपंचांनी वाचलेली असावी.